स्लोला खळखळ, लोडवर गप्प: सुपरचार्जर असलेल्या पिकअपच्या आवाजाचं एक प्रकरण

नानांचा फोन आला तेव्हा गाडी विकायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. "इंजिन गेलं रे. गॅरेजवाला म्हणतो, रॉडचं बेअरिंग वाजतंय. दुसरं इंजिन टाकायचं तर साडेसात हजार डॉलर. एवढे पैसे घालण्यापेक्षा देऊन टाकतो कुणाला तरी."

मी म्हटलं, "नाना, उद्या सकाळी येतो. तोवर गाडीला किल्ली लावू नका. रात्रभर थंड होऊ द्या."

नाना मूळचे नाशिककडचे, तीस वर्षांपासून मिशिगनमध्ये. गाडी म्हणजे २००२ सालचा पिकअप. ५.४ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन आणि त्याच्या डोक्यावर कारखान्यातूनच बसून आलेला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप. मीटरवर १ लाख २३ हजार मैल, म्हणजे जवळपास दोन लाख किलोमीटर. इंजिनांचे आवाज आणि कंपनं मोजणं हे माझं रोजचं काम. पण ते प्रयोगशाळेत, जिथे इंजिनाला डझनावारी सेन्सर चिकटवलेले असतात. नानांच्या गराजमध्ये माझ्याकडे होते दोन कान, एक मोबाइल आणि एक साधा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप. हे प्रकरण इतकं सविस्तर लिहितोय, कारण यात झालेली चूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. आवाज कुठून येतो हे सगळे विचारतात. तो कधी थांबतो हे फार थोडे विचारतात.

तोंडाने काढलेला आवाज

गेल्या गेल्या मी नानांना सांगितलं, "आवाज कसा येतो ते तोंडाने काढून दाखवा." माणसं याला लाजतात, पण वर्णनापेक्षा ही नक्कल कितीतरी खरी असते. नानांनी आधी जीभ टाळूला लावून "टिक, टिक, टिक" केलं. हा सकाळचा. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि सिग्नलला उभं राहिलं की खळखळतं. पत्र्याच्या डब्यात चिंचोके घालून हलवावेत ना, तसं."

मी विचारलं, "म्हणजे दोन वेगळे आवाज आहेत?"

नाना विचारात पडले. गॅरेजमध्ये त्यांनी इंग्रजीत एवढंच सांगितलं होतं की इंजिनमधून आवाज येतो. जॉबकार्डावर 'इंजिन नॉइज' असे दोनच शब्द लिहिले गेले होते. आपल्याकडे आवाजांना केवढी नावं आहेत! बेअरिंग घरघरतं, पट्टा चिरचिरतो, टॅपेट टिकटिकतं, हलक्या पेट्रोलवर इंजिन किणकिणतं, हवा गळली की शीळ ऐकू येते, ढिला पत्रा थरथरतो. यातला प्रत्येक शब्द म्हणजे अर्धं निदान असतं. नानांजवळ हे शब्द होते, पण ते काउंटरच्या पलीकडे पोचलेच नाहीत.

मग मी एक तक्ताच मनात मांडला. टिकटिक: थंड इंजिन, पहिली दहा-पंधरा मिनिटं, मग बंद. खळखळ: इंजिन पूर्ण गरम, फक्त स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता), गिअर डी मध्ये, म्हणजे ड्राइव्हला टाकून ब्रेक दाबलेला असताना जास्त, न्यूट्रलला कमी. थोडं रेस केलं की गायब. आणि मी मुद्दाम विचारलेली शेवटची गोष्ट: "ट्रेलरवरची बोट ओढताना, चढावर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर?"

"तेव्हा काहीच नाही. फक्त ब्लोअरची, सुपरचार्जरची, ती नेहमीची शीळ."

इथेच माझा रॉडच्या बेअरिंगवरचा विश्वास अर्ध्याहून जास्त उडाला. झिजलेलं बिग एंड बेअरिंग (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं) लोडखाली गप्प बसत नाही, उलट जास्त ठोकतं. पिस्टनवर जितका दाब, तितका रॉडचा घाव जोरात.

आधी इंजिनाला निर्दोष ठरवायचं

पण विश्वास उडाला म्हणून सोडून देता येत नाही. बेअरिंग खरंच गेलेलं असेल आणि मी "काही नाही" म्हणालो, तर पुढच्या बोटीच्या सफरीत रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल. म्हणून बाकी काही करण्याआधी इंजिनाच्या पोटातल्या शंका संपवल्या.

डॅशबोर्डवरच्या ऑइल प्रेशरच्या काट्यावर मी भरवसा ठेवला नाही. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत तो काटा खरा दाब दाखवतच नाही. मागे एक साधा स्विच असतो आणि दाब किमान पातळीच्या वर असला की काटा मधोमध जाऊन बसतो. म्हणून तो स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावलं. इंजिन पूर्ण गरम, स्लोला २८ पीएसआय. २००० आरपीएमला ५० च्या वर. दर १००० आरपीएममागे १० पीएसआय हा जुना ठोकताळा धरला, तरी भरपूर.

मग ऑइल फिल्टर काढून कापला आणि त्याचा घडीचा कागद उलगडून पांढऱ्या ताटलीत पसरला. लोखंडाचा कीस मॅग्नेटला चिकटतो, पण बेअरिंगच्या थरातले तांबं, कथील, शिसं, ॲल्युमिनियम चिकटत नाहीत, म्हणून नुसता मॅग्नेट फिरवून भागत नाही. विजेरी तिरकी धरून घडी-घडी पाहिली. चमचम नाही.

तिसरी तपासणी सिलिंडर एकेक करून बंद करण्याची. इग्निशन कॉइलचं कनेक्टर काढलं की त्या सिलिंडरात स्फोट होत नाही, त्या रॉडवरचा घाव कमी होतो आणि ठोका बदलतो. (कॉइलबरोबर त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचंही कनेक्टर काढावं, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो.) आठही सिलिंडर पाळीपाळीने बंद केले. एकाही वेळी खळखळ कमी झाली नाही. उलट आठही वेळा ती थोडी वाढली, आणि सारखीच वाढली.

हे "सारखीच वाढली" मला फार मोलाचं वाटलं. एखाद्या सिलिंडरचा दोष असता तर त्या एका सिलिंडरने वेगळं उत्तर दिलं असतं. इथे आठही जण एकच सांगत होते: इंजिनाची चाल जितकी अडखळती, तितका आवाज जास्त. म्हणजे दोष अशा कशात तरी होता, जे क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, हिसक्यांवर नाचत होतं.

सकाळची टिकटिक

मधेच थंड आवाजाचं सांगतो, कारण ते सोपं निघालं. बाहेर उणे दहा तापमान. किल्ली फिरवताच टिकटिक सुरू झाली. मी मोबाइलवर अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण केलं आणि लॅपटॉपवर त्याची लाट मोठी करून पाहिली. इंजिन तेव्हा १२०० आरपीएमवर होतं, म्हणजे सेकंदाला २० फेरे. टोकं मात्र १०० मिलिसेकंदांच्या अंतराने होती, म्हणजे सेकंदाला १०. क्रँकच्या दोन फेऱ्यांना एक टिक. चार-स्ट्रोक इंजिनात एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच धूर सोडतो. म्हणजे एका सिलिंडरचा एक्झॉस्ट गळत होता, नाहीतर एखादा व्हॉल्व्ह किंवा सैल स्पार्क प्लग वाजत होता.

रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं इंजिनाच्या कडेने फिरवलं. उजव्या बाजूच्या शेवटच्या सिलिंडरपाशी नळीत फटफट ऐकू आली. विजेरी मारली तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्यावर काजळीचा पंखा उमटलेला, आणि मागचा स्टड (मॅनिफोल्ड हेडला आवळणारा बोल्ट) जागेवरच तुटलेला. मॅनिफोल्ड बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. वीस हिवाळे ही ओढाताण सोसलेली, त्यात मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ. गंजलेला स्टड तुटणारच. गरम झाल्यावर लोखंड फुगून फट बुजते, म्हणून पंधरा मिनिटांत आवाज बंद. स्पार्क प्लगही टॉर्क रेंचने तपासून घेतले, कारण त्या पिढीच्या काही ॲल्युमिनियम हेडमध्ये प्लगला धरणारे आटे मोजकेच असतात आणि सैल झालेला प्लग अगदी असाच टिकटिकतो. ते घट्ट होते.

गॅरेजमध्ये गाडी सकाळी सोडली होती. त्यांनी आधी थंड टिकटिक ऐकली, मग गरम खळखळ ऐकली, आणि दोन्ही मिळून एकच मोठा रोग धरला. मला त्यांचा राग येत नाही. थंडपणी ठोकणारं आणि गरम झाल्यावरही वाजत राहणारं इंजिन म्हटलं, की कुणाच्याही डोक्यात आधी बेअरिंगच येईल.

डोक्यावरचं यंत्र

सुपरचार्जर म्हणजे क्रँकवरच्या पट्ट्याने फिरणारा हवेचा पंप. टर्बोला एक्झॉस्टचा धूर फिरवतो. याला इंजिन स्वतःची ताकद देऊन फिरवतं. नानांच्या गाडीतला रूट्स जातीचा. फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स हे इंडियानातल्या कॉनर्सव्हिल गावचे भाऊ, लोकरीची गिरणी चालवणारे. पाणचक्कीला पर्याय शोधता शोधता त्यांना हवा ढकलणारं यंत्र सापडलं आणि १८६० साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. ते आधी गेलं धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांना वारा घालायला. इंजिनांवर ते बऱ्याच उशिरा आलं.

आत दोन रोटर. प्रत्येकाला तीन पाकळ्या, पाकळ्यांना मळसूत्रासारखा पीळ. ते एका फेरीत ११२ घनइंच, म्हणजे सुमारे १.८ लिटर हवा ढकलतात. गंमत अशी की हे दोन रोटर एकमेकांना कधीच शिवत नाहीत. त्यांच्यात बारीकशी फट असते आणि ती राखायचं काम पुढच्या टोकाला असलेले दोन दंतचक्रं करतात. ही चक्रं झिजली तर रोटर एकमेकांवर घासतात, आणि मग त्या यंत्राचं भंगारच होतं. नानांना खरी भीती इंजिनाची होती. मला आता या चक्रांची वाटू लागली होती.

पट्ट्याची पुली आणि ही दंतचक्रं यांच्यामध्ये, पुढच्या नाकाडासारख्या भागात, एक छोटी कपलिंग असते. पुलीच्या दांड्यावर तीन पिना, समोरच्या चक्रावर तीन पिना, आणि मध्ये सहा भोकांची चकती. पट्ट्यातून येणारे हिसके शोषून घेणं हेच तिचं काम.

आता लक्षणं पुन्हा बघा. स्लोला बायपास व्हॉल्व्ह उघडा असतो, रोटरनी ढकललेली जादा हवा त्यातून परत त्यांच्याच तोंडाशी येते. रोटरवर लोड जवळजवळ शून्य. पण क्रँक एकसारखा फिरत नसतो; व्ही-८ ला एका फेरीत चार स्फोट, प्रत्येक स्फोटाला पुढे हिसका, मधल्या क्षणी किंचित मंद. क्रँक मंदावला तरी जड रोटर स्वतःच्या वेगात पुढे जातात आणि पिना भोकाच्या दुसऱ्या कडेला आपटतात. पुढचा स्फोट झाला की परत पहिल्या कडेला. ॲक्सिलरेटर दाबला की बायपास बंद होतो, रोटरना हवेचा दाब ढकलावा लागतो, आणि पिना एकाच कडेला दाबून बसतात. आवाज संपला. लोडवर गप्प राहण्याचं कारण एवढंच होतं.

डी मध्ये ६५० आरपीएमवर गरम आवाजाचं ध्वनिमुद्रण केलं. हिशेबाने सेकंदाला सुमारे ४३ स्फोट, म्हणजे दर २३ मिलिसेकंदांना एक. लाटेवरची टोकं २३ मिलिसेकंदांवरच बसली होती.

पट्टा काढल्यावरचा सापळा

या गाडीत सुपरचार्जरचा पट्टा वेगळा आहे, पाण्याचा पंप दुसऱ्या पट्ट्यावर चालतो. म्हणून तो पट्टा उतरवून इंजिन एखादं मिनिट चालवता आलं. खळखळ पूर्ण थांबली. नाना टाळी वाजवणार होते, मी थांबवलं. पट्टा उतरला की सुपरचार्जरबरोबर टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा स्प्रिंगचा हात) आणि आयडलर (पट्ट्याला फक्त वाट देणाऱ्या) पुलीही थांबतात. त्यांच्यापैकी कुणीही अपराधी असू शकतं, आणि टेन्शनर हिसक्यांवर उड्या मारतो तेव्हा त्याचा आवाजही खूपसा असाच असतो. पुष्कळ लोक इथेच सुपरचार्जर दोषी ठरवून मोकळे होतात.

आयडलर हाताने फिरवले: गुळगुळीत, पण एक थोडा कोरडा वाजला. टेन्शनरचा हात पान्याने दाबून सोडला. स्प्रिंगमध्ये जोर होता, हातात अडखळ नव्हती. मग सुपरचार्जरची पुली दोन बोटांत धरली आणि अगदी हलकेच मागे-पुढे केली. थोडी चाल मोकळी, मग "टक्". उलट फिरवलं, पुन्हा मोकळी चाल, पुन्हा "टक्". मी बाजूला झालो आणि नानांना म्हटलं, "तुम्ही करून बघा." त्यांनी डोळे मिटून पुली हलवली. "हाच रे. चिंचोका हाच."

स्टेथोस्कोपनेही नाकाडापाशी आवाज सर्वांत कडक लागला. पण इंजिनाच्या तळाशी, ऑइल पॅनवरही तो स्पष्ट ऐकू येत होता! सुपरचार्जर सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या व्हीच्या खोबणीत, इंजिनाच्या ॲल्युमिनियमला घट्ट आवळलेला असतो. तिथला ठोका सगळ्या धातूतून खाली उतरतो. गॅरेजवाल्याने खालून ऐकलं असणार, आणि खालून ऐकलेला ठोका बेअरिंगचाच वाटतो.

नाकाड उघडल्यावर

नाकाडातलं तेल इंजिन ऑइलपासून वेगळं असतं, दोनशे मिलीपेक्षाही कमी. ते आधी काढून पांढऱ्या ताटलीत घेतलं. त्याचा वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. गराजचं दार उणे दहात उघडावं लागलं. तेल काळपट होतं, तळाशी फिकट पिठासारखी पूड. धातूची चमक कुठेच नाही. ही पूड चकतीची होती. तिथे मला दंतचक्रांबद्दल हायसं वाटलं.

कव्हर सुटायला त्रास देतं. पण सांध्यात पेचकस घालून उचकटू नये, ॲल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तिथून तेल पाझरत राहतं. रबरी हातोडीने कडेकडेने ठोकत काढलं. आतली चकती हातात घेतली आणि उजेडात धरली. सहाही भोकं गोल असायला हवी होती. ती लांबट झाली होती. व्हर्नियरने मोजलं तर लांबीकडून दीड मिलिमीटर जास्त. कडांना पिनांनी घासून आरशासारखी झिलई आणली होती. पिना मात्र शाबूत, नख फिरवून खाच लागली नाही. दंतचक्रांचे दात निळसर, स्वच्छ. थ्रॉटल बॉडी काढून मागून रोटर पाहिले. पाकळ्यांवरचा लेप अखंड, कुठे घासल्याची खूण नाही.

नवी चकती घेताना प्रश्न पडला तो कडक की मऊ. बाजारात कडक प्लास्टिकच्या चकत्या मिळतात आणि त्या जास्त टिकतात असं सांगतात. मी मूळच्या जातीची, थोडी मऊच निवडली. चकती हिसके सोसून झिजते, म्हणजे दंतचक्रं झिजत नाहीत. झिजायचंच असेल तर जे स्वस्त आहे ते झिजावं, हे माझं ठाम मत आहे. कोरडा वाजणारा आयडलरही त्याच बैठकीत बदलला, नाहीतर महिन्याभरात तोच घरघरू लागला असता.

सांध्याला सीलंट अगदी पातळ लावलं. नवं तेल गाडी सपाट जागी, थंड असताना, भरणीच्या भोकाच्या काठापर्यंतच. जास्त भरलं तर पुढचं सील गळायला लागतं.

तुटलेल्या स्टडचं काम मी केलं नाही. ओळखीच्या एका वेल्डरने हेडमध्ये अडकलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून तो तापला असतानाच फिरवून काढला. नवे स्टड, नवं गॅस्केट. त्याचे तीनशे वीस डॉलर झाले. चकती, तेल, सीलंट आणि आयडलर मिळून शंभराच्या आत.

पहिल्या स्टार्टला नाना बोनेटवर हात ठेवून उभे होते. टिकटिक नाही. वीस मिनिटांनी डी मध्ये टाकून ब्रेक दाबला. मी तसंच अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण केलं. २३ मिलिसेकंदांची टोकं पूर्ण मिटली नव्हती. दंतचक्रांची थोडी कुजबुज या जातीच्या यंत्रात असतेच. पण आधीच्या मानाने ती इतकी खाली होती की कानाला फक्त एक्झॉस्टचा भरदार आवाज येत होता. नाना काहीच बोलले नाहीत. गिअर डी मध्ये होता, पाय ब्रेकवर, आणि ते बराच वेळ तसेच ऐकत बसले.

मार्चमध्ये १,४०० मैलांनंतर नाकाडाची भरणी उघडून तेलात पांढरी काडी बुडवली. मधाच्या रंगाचं, पूड नाही, चमक नाही. डाव्या बाजूच्या मॅनिफोल्डचा मागचा स्टडही गंजून बारीक झालेला दिसला. तो उन्हाळ्यात, तुटायच्या आधी काढायचं ठरलंय.